मदत खात्यावर, मूल वर्गात

शेतकऱ्याने आत्महत्या केली की शासनाची यंत्रणा हलते. पंचनामा होतो. जमीन कुटुंबाच्या नावावर होती काय, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे, त्याची परतफेड थकली होती काय, याची तपासणी होऊन प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. पात्र ठरल्यास, २००६ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे, १ लाखापैकी ३० हजार रुपये रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने कुटुंबाला द्यावयाचे असतात. तेथे फाईल बंद होते. त्याच घरातील मूल मात्र दहा-पंधरा दिवसांनी शाळेत परत येते, आणि त्याच्यासंबंधीचा एकही कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहसा आलेला नसतो. अपात्र ठरलेल्या घरातील मुलाची तर गणतीच नाही. वस्तुतः सातबारा कोणाच्या नावावर आहे हे पाहून मुलाची झोप उडत नसते.

असे मूल वर्गात बसलेले असते, पण त्याचे मन सतत पुढल्या संकटाची चाहूल घेत असते. लक्ष आणि स्मरण या ज्या शक्तींवर वाचन आणि गणित उभे असते, त्याच या पहाऱ्यात खर्ची पडतात. मागल्या महिन्यात तोंडपाठ असलेला पाढा अडतो. दार आपटले की ते दचकते. शेजाऱ्याच्या किरकोळ टोमण्यावर हात उगारते. वर्ग याला आळस, दुर्लक्ष किंवा उद्धटपणा म्हणतो, आणि 'उद्या वडिलांना घेऊन ये' हे नेहमीचे वाक्य सवयीने उच्चारले जाते. याहून दुर्लक्षित असते ते अगदी गप्प झालेले मूल; कारण त्याची गणना शहाण्या मुलांत होते.

हा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या त्या रात्री, किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे घेतली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरांची मोजदाद झाली, ती व्हावयासच हवी होती. परंतु पुढल्या वर्षी ढोलताशे वाजू लागल्यावर वर्गातल्या एखाद्या मुलाला काय होईल, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? २०२१ मध्ये कोविडने दोन्ही पालक नेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली. निर्णय योग्यच होता. मात्र ठेवीची मुदत पुढे कधीतरी भरते, आणि मुलाची अडचण उद्या सकाळच्या पहिल्या तासाची असते.

त्या तासात लागणाऱ्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. ठरलेली जागा, ठरलेले वेळापत्रक, बदल असल्यास त्याची आधी कल्पना, असह्य झाल्यास व्हरांड्यात जाऊन येण्याची मुभा, चारचौघांत चौकशी न करण्याचा संयम, आणि वर्षभर न बदलणारे एक प्रौढ माणूस. (देणगीदारांसमोर त्या मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्याकडून घरची कहाणी वदवून घेण्याची, हाती वह्या देऊन छायाचित्र काढण्याची प्रथा तर ताबडतोब थांबली पाहिजे. तीत दात्याचे समाधान होते. मुलाचे काय होते ते छायाचित्रात दिसत नाही.)

पण हे 'एक माणूस' खरोखर फुकट मिळते काय? शिक्षकांची पदे पटावरून ठरतात, मुलांच्या गरजेवरून नव्हे. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरण्याच्या कामात अडकला की दुसऱ्याकडे चार इयत्ता येतात. ज्याच्याशी मूल बोलू लागले, त्याची बदलीही होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळे केले. जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही कामे मात्र वगळली. म्हणजे आपत्ती निवारणासाठी शिक्षकाला वर्गाबाहेर पाठवता येते. आणि ती आपत्ती सोसलेले मूल त्याच्या वर्गात बसले असले, तरी त्याच्यासाठी दिलेला वेळ कोणत्याही हिशोबात धरला जात नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेस कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. समुपदेशक नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तो आला, परंतु धोरणातील उल्लेख म्हणजे मंजूर पद नव्हे.

आरंभ लहान असू शकतो. पंचनाम्यात घरातील मुलांची नावे व शाळा यांचा रकाना असावा. प्रकरण पात्र असो वा अपात्र, ती माहिती आठवड्याच्या आत केवळ मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापर्यंत पोचावी, गावभर नव्हे. त्या शिक्षकाची बदली वर्षअखेरपर्यंत रोखावी. प्रत्येक पंचायत समितीच्या पातळीवर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि शिक्षकाने बोलावल्यावर त्याने शाळेत यावे. रकाना वाढवण्यास अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष उघडावे लागणार नाही. समुपदेशकासाठी मात्र ते उघडावे लागेल, आणि तेही एका वर्षापुरते नव्हे.