मुंबई उपनगरे आणि माओवादी चळवळ

महाराष्ट्रातील माओवादी चळवळ ही शासनसंस्था सशस्त्र मार्गाने उलथून टाकण्याचे उद्दिष्ट बाळगणारी चळवळ होय. तिचे लढाऊ क्षेत्र प्रामुख्याने गडचिरोली जिल्हा हे राहिले. मुंबईच्या उपनगरांत तिचे सशस्त्र दलम उभे राहिले नाही. येथे तिचा प्रश्न संघटन, प्रचार व न्यायालयीन खटले यांच्या रूपाने पुढे आला. सशस्त्र संघटना आणि उघड असंतोष यांमधील सीमारेषा कोठे आखावी, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम बंगालमधील नक्षलबाडी येथे १९६७ साली झालेल्या उठावापासून या चळवळीचा आरंभ मानला जातो. १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर ग्रुपची स्थापना केली. त्यानंतर या गटाची दलमे, म्हणजे लहान सशस्त्र तुकड्या, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात शिरली. तेंदूपत्त्याची अल्प मजुरी आणि वनखात्याचा जाच यांमुळे त्यांना आदिवासी भागात आधार मिळाला. २१ सप्टेंबर २००४ रोजी दोन प्रमुख गटांच्या विलीनीकरणातून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) स्थापन झाला. जून २००९ मध्ये केंद्र सरकारने बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियमाखाली त्यावर बंदी घातली.

८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरी येथे १७ पोलीस, तर १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व एक वाहनचालक मृत्युमुखी पडले. खबरे ठरवून अनेक आदिवासी ग्रामस्थांचीही हत्या करण्यात आली. ज्यांच्या नावाने शस्त्र उचलले गेले, त्यांनाच त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

शहरी कार्य

शहरी कार्याविषयीच्या पक्षाच्या दस्तऐवजात ग्रामीण सशस्त्र लढ्याला प्रधान, तर शहरांतील कार्याला पूरक स्थान दिलेले आहे. नेतृत्व, कार्यकर्ते व साधनसामग्री यांचा पुरवठा ही शहरांकडून अपेक्षा होती. मुंबईत जन्मलेल्या व शिकलेल्या अनुराधा गांधी या पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत पोहोचल्या; २००८ मध्ये त्यांचे मलेरियाने निधन झाले.

उपनगरांतील असंतोषाचे मार्ग

उपनगरांत तीव्र असंतोषाचे प्रसंग आले. परंतु त्याची वाट वेगळी होती. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा लढा कामगार संघटनेच्या चौकटीतच राहिला.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १० जण ठार झाले. या घटनेनंतर मुलुंड येथील शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या सांस्कृतिक पथकांतून गाणाऱ्या घोगरे यांच्या आठवणीपासून आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट सुरू होतो. रहिवाशांनी चौकशी आयोग व न्यायालय यांचाच मार्ग धरला. संबंधित पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला.

खटले आणि कायदा

भीमा कोरेगाव प्रकरणात २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी वर्नन गोन्साल्विस यांना अंधेरीतून अटक केली. बंदी घातलेल्या पक्षाशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला. २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना व अरुण फरेरा यांना जामीन मंजूर केला. हिंसेचा प्रचार करणारे साहित्य केवळ बाळगणे हे स्वतःहून दहशतवादी कृत्य ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याच प्रकरणातील आरोपी, ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी यांचे ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथील रुग्णालयात, जामीन अर्ज प्रलंबित असतानाच, निधन झाले.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. कडव्या डाव्या व तत्सम संघटनांविरुद्धच्या या विधेयकात सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. नक्षलवादाच्या शहरी आघाड्या रोखण्यासाठी ते आवश्यक असल्याचे शासनाचे म्हणणे आहे. ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या इतकी व्यापक आहे की शांततामय आंदोलनेही तिच्या कक्षेत येतील, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

सद्यःस्थिती

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. सशस्त्र चळवळ अशी ओसरत असताना शहरी असंतोषाविषयीचा कायदा मात्र अधिक कठोर होत आहे. घाटकोपरचा अनुभव असा, की संघटना, आयोग व न्यायालय या वाटा खुल्या होत्या तोवर अन्यायग्रस्तांनी शस्त्राची वाट धरली नाही. या वाटा अरुंद झाल्या किंवा न्यायास दशकाहून अधिक विलंब लागला, तर घटनात्मक मार्ग निरुपयोगी आहे असे सांगणाऱ्या अतिरेकी प्रचारालाच बळ मिळण्याचा धोका संभवतो.