रोगप्रतिकारक, पण कोणत्या रोगाला?

बियाण्याच्या पाकिटावर छापलेला लालबुंद टोमॅटो पाहून पाकीट उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेत आयुष्यभर कर्जाचे कागद वाचले. कामाचा मजकूर नेहमी मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. तिथे नुसते ‘रोगप्रतिकारक’ लिहिले असेल, तर दुकानदाराला विचारावे, कोणत्या रोगाला?

आमच्या जळकोटकडे हा प्रश्न हौसेचा नाही. लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात परसातल्या चार रोपांना भाजी-तांदूळ धुतलेले पाणी जपून घालायचे आणि फुलावर आलेले झाड डोळ्यांदेखत जायचे, हे घरच्या बाईच्या जिवाला लागते.

झाड कशाने गेले, हे आधी पाहावे. पाने वर वळून आकसली, शेंडा खुरटला, की तो पर्णगुच्छ. पानाखाली बसणारी पांढरी माशी हा विषाणू आणते. खालच्या जुन्या पानांवर वलयांचे तपकिरी ठिपके म्हणजे करपा. आणि हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत मान टाकते, ती मर. त्याचे खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावे. दुधासारखी धार खाली उतरली, तर मर जिवाणूंची. घरातल्या मुलांना जरूर दाखवावे.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकर या तिघांनाही तोंड देतो. परसासाठी मी तोच सुचवीन. संकरित म्हटले की नाक मुरडणाऱ्या मंडळींशी माझे जमत नाही. संकर म्हणजे दोन निवडक वाणांचे लग्न. त्यात बाहेरून जनुक घुसवलेले नसते. रोग कमी, तर फवारणीही कमी. चवीचे म्हणाल, तर बाजारातले फळ कच्चे तोडून लांब पाठवलेले असते. परसातले झाडावर पिकते.

मात्र प्रतिकार म्हणजे अभय नव्हे. २०२० साली महाराष्ट्रात टोमॅटो नीट रंग न धरता डागाळले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. नमुन्यांत काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. पर्णगुच्छाला दाद न देणारे झाड त्यालाही दाद देणार नाही, असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट बियाण्याची. संकराच्या फळातले बी पुढच्या साली लावले, की गुण विस्कटतात. एका रोपात प्रतिकार उतरतो, दुसऱ्यात नाही. म्हणजे दरवर्षी नवे पाकीट. पैशाने ते जड नाही, पण पिकल्या फळाचे बी राखेत घोळून जपायची आजीची रीत त्यात जाते. म्हणून चारांतले एक रोप सरळ वाणाचे असू द्यावे, राहुरीच्या ‘धनश्री’चे किंवा शेजारणीने दिलेल्या बियांचे. त्याचे बी धरता येते.

मर लागलेल्या आळ्यात मात्र वांगी, मिरचीही नको. ती टोमॅटोचीच भावकी. तिथे काही साल मका किंवा लसूण लावावा.