बाथरूमची मजुरी फुटावर नको

नागपुरात टाइल्स बसवण्याची मजुरी बहुतेक चौरस फुटावर ठरते. हॉलला ते ठीक. ५ बाय ७ च्या बाथरूमला नाही. तळ ३५ फूट, भिंती ७ फुटांपर्यंत १६८. दार वजा जाता एकूण १८५. हॉलमध्ये हे दोन दिवसांचे काम. इथे जुन्या टाइल्स तोडा, मलबा उतरवा, जाळीकडे उतार काढा, प्रत्येक नळाभोवती कटिंग करा, सांधे भरा. मिस्त्री आणि हेल्पर, पाच-सहा दिवस धराच. फुटाच्या दरात हे दिवस बसत नाहीत. ते मिस्त्रीच्या खिशातून जातात. म्हणून लहान काम रोजावर द्यावे, तोडफोड वेगळी धरावी. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, हे जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो. ती कामाआधी ठरवा, हेही शरियतच सांगते. आणि आपण घासाघीस करतो ती नेमकी हेल्परच्या रोजावर!