फाडलेली पाने : नांगराची जाहिरात आणि आपला वाङ्मयेतिहास

जुन्या मराठी मासिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकावयाची, ही रीत आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बांधणावळ कमी होते, कपाटात जागा वाचते आणि 'मजकूर' तेवढा शिल्लक राहतो. आता याच बांधीव खंडांचे संगणकीकरण होत आहे. तेव्हा त्यांतून गेलेले पान पुन्हा मिळण्याची आशा फारशी नाही. आम्ही सातारा-सांगली भागातील महाविद्यालयांत मराठीचे अध्यापन करणारे काही जण आहोत. या रीतीमागे नुसती कारकुनी सोय आहे असे आम्हांस वाटत नाही. मजकूर कोणता आणि रद्दी कोणती, याविषयीची एक पक्की समजूत तिच्यामागे आहे, आणि ती आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनीच घडवली आहे. तिचा प्रतिवाद करणे हा या लेखाचा हेतू.

उदाहरणासाठी लांब जाण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना बेळगावहून हलवून औंध संस्थानातील कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आणला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आश्रय दिला. हा मुलूख म्हणजे ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात अधूनमधून पसरलेले संस्थानी तुकडे. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना उभा राहिला आणि त्याचा 'प्रभाकर' कंदील गावोगाव पोहोचला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर निघू लागले. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या काही महिनेच टिकलेल्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. तीन ठिकाणे, तीन कारखाने, आणि तिघांचीही अडचण एकच. माल तयार होता, पण घेणारा अनोळखी होता.

ही अडचण आपल्या खेड्याला नवी होती. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) ज्या बलुतेदारीचे वर्णन आहे, तीत नांगराची जाहिरात संभवतच नाही. सुतार गावचाच. तो नांगर भरून देणार, लोहार फाळ ठोकून देणार आणि दोघे सुगीला खळ्यावर येऊन आपले धान्य नेणार. वस्तूचे गुण सांगण्याची गरज नाही, कारण करणारा आणि वापरणारा एकमेकांच्या आज्या-पणज्यांना ओळखतात. किंमत छापण्याचीही गरज नाही. बैलबाजारातसुद्धा भाव ठरतो तो रुमालाखाली बोटे धरून, तिसऱ्याला कळू न देता. लोखंडी नांगर आला तो या सगळ्या ओळखीच्या बाहेरून. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज शेतकऱ्यांत होता. आपले पहिले नांगर खपवायला लक्ष्मणरावांना बेळगावी दोनेक वर्षे लागली. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, ज्याच्या बापाने आपले नाव ऐकलेले नाही, अशा माणसाला छापील शब्दांनी विश्वास द्यायचा, हे काम तेव्हा मराठी गद्यावर येऊन पडले. ते त्याने कसे पार पाडले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचा नव्हे तर कोणाचा?

आमचे अभ्यासक्रम अर्वाचीन मराठी गद्याची कथा एका ठरावीक वाटेने सांगतात. 'दर्पण' १८३२, 'निबंधमाला' १८७४, 'केसरी' १८८१, मग कादंबरी आणि लघुनिबंध. या वाटेवरचा वाचक बहुधा लिहिणाऱ्यासारखाच असतो. शाळा तीच, संस्कृत तेच, चिडण्याची कारणेही तीच. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो, म्हणून तो या कथेत उशिरा का होईना घ्यावा लागला. पण शेतकऱ्याला गिऱ्हाईक म्हणून, म्हणजे 'नको' म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस म्हणून, उद्देशून लिहिलेले गद्य कोणते? ते जाहिरातीच्या पानावर आहे. निबंधकाराचा वाचक पटले नाही तर पान उलटतो; नांगर विकणाऱ्याचे म्हणणे पटले नाही तर कारखान्याची भट्टी विझते. भाषेची इतकी कठोर परीक्षा आमच्या किती निबंधकारांनी दिली असेल?

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेले 'किर्लोस्कर खबर' हे मूळचे कारखान्याचे पत्र. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यावी, हा त्याचा हेतू. शंकरराव स्वतः चित्रकार, व्यंगचित्रकार आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणारे. १९२९ मध्ये 'खबर' शब्द गळून मासिक 'किर्लोस्कर' झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले, स्त्री-प्रश्नावरचे कितीतरी लेखन 'स्त्री'मध्ये आले, आणि या मासिकांवर आमच्या विद्यापीठांतून प्रबंधही झाले. म्हणजे जाहिरातीच्या पोटी जन्मलेल्या मुलीचा आम्ही सत्कार करतो आणि आईला मात्र बाइंडरच्या कात्रीखाली देतो. नांगर खपवणाऱ्याला पुढे विचार खपवता आले, ते योगायोगाने नव्हे. अनोळखी वाचकाशी थेट, सोप्या आणि सचित्र बोलण्याची तालीम नांगरावर झालेली होती, असे आमचे मत आहे. ते चूक असेल. पण ते तपासावयाचे तर पाने शिल्लक हवीत.

शब्दांचेच पाहा. लाकडी नांगराचे रुमणे, इसाड, फाळ, जू हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडचे. लोखंडी नांगराबरोबर बीड, ओतकाम, नट, बोल्ट, पाना हे शब्द बांधापर्यंत आले. फाळ हा शब्द तसाच राहिला, पण लोहाराकडे धार लावून घ्यावयाची वस्तू आता सुटा भाग म्हणून विकत घ्यावयाची झाली. एका शब्दाच्या अर्थात झालेला हा बदल म्हणजे गावगाड्याच्या मोडतोडीचा इतिहास आहे. ग्रामीण साहित्याच्या तासाला आम्ही बोलीतील शब्दांच्या याद्या करून घेतो. मातीचे आणि मुळांचे गोडवे गाणारा देशीवाद आम्ही शिकवतो. पण ज्या नांगराने ती माती उलथली, त्याचे कागद मात्र आम्हांला अवाङ्मयीन वाटतात.

यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. जाहिरात खोटे बोलते, हा पहिला. बोलत असेल. बखरीही बोलतात. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो आमच्याच जिल्ह्यातल्या वाईत सापडलेल्या कागदांवरून, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील चुकांची निर्दय झडती घेतली. म्हणून त्यांनी बखरी फाडून टाकल्या नाहीत. जाहिरातीतून नांगर किती चांगला होता ते कळणार नाही. शेतकऱ्याला काय सांगितले असता पटेल असे विकणाऱ्याला वाटत होते, ते कळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही उद्योगपतींची भाटगिरी ठरेल, असे आमचे काही मित्र म्हणतात. ठरेल, जर आम्ही जाहिरात जशी बोलते तशीच वाचली तर. तिच्यात जे नाही तेही वाचले पाहिजे. जड नांगर ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागतात. त्या एकट्या कुणब्याकडे नसत. तो इर्जिक घालून, शेजाऱ्यांची औते गोळा करून, त्यांना जेवू घालून रान नांगरून घेई. छापील किमतीपुढे उभा राहतो तो एकटा धनी. शेतात उभी राहते ती दहा जणांची सावड. ज्या सुताराचे बलुते सुटले, तो कोणत्याच जाहिरातीत नाही. शेजारचे कुंडल पुढे प्रतिसरकारचे एक केंद्र झाले. एकाच शिवारातले हे दोन इतिहास एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचण्याची सवय आम्ही विद्यार्थ्यांना लावली नाही, हा दोष जाहिरातीचा नाही.

तिसरा आक्षेप खात्याचा. 'हा विषय अर्थशास्त्राचा, नाहीतर वाणिज्य शाखेचा,' असे उत्तर आमच्या पाहण्यातल्या एका विद्यार्थिनीला पीएच.डी.च्या विषयासाठी मिळाले. तिने विषय बदलला आणि एका प्रतिष्ठित कथाकारावरचा कितवा तरी प्रबंध लिहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. तोफेवरचा कोरीव लेख असता तर आम्ही त्याचे वाचन केले असते. त्याच धातूच्या नांगराविषयी छापलेले चार शब्द मात्र आम्ही वाणिज्य शाखेकडे पाठवतो.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. नियतकालिकाचे संगणकीकरण वेष्टनापासून वेष्टनापर्यंत व्हावे आणि जी पाने मूळ खंडातून काढलेली आहेत त्यांची नोंद करावी. एम.ए.च्या अभ्यासक्रमात गद्याच्या अभ्यासपत्रिकेत जाहिराती, दरपत्रके आणि माहितीपत्रके यांना एक घटक मिळावा. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर जुन्या दुकानांच्या पोटमाळ्यांवर, सोसायट्यांच्या दप्तरांत आणि घरातल्या ट्रंकांत काय शिल्लक आहे ते पाहावे. आणि प्राध्यापकांनी, आम्हांसह, पुढच्या वेळी ग्रंथालयात खंड बांधावयास निघाला की बाइंडरला काय सूचना दिली आहे, एवढे तरी विचारावे.