रेषेपुढील जागा कोणाची?

चौकात लाल दिवा लागला की वाहनांनी पांढऱ्या रेषेमागे थांबावे, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु परदेशांतील पुष्कळ शहरांत एका रेषेऐवजी दोन रेषा आखलेल्या आढळतात. मागची रेषा मोटारी व ट्रक यांच्यासाठी आणि पुढची सायकलस्वारांसाठी. दोहोंमधील काही मीटरांच्या जागेत सायकलीचे चित्र काढलेले असते. कोठे कोठे तो सर्व चौकोन रंगविलेलाही असतो. लाल दिवा असेपर्यंत तेथे फक्त सायकलस्वारांनी उभे राहावयाचे. बलवान वाहन मागे आणि पायांच्या बळावर चालणारे वाहन पुढे, अशी ही रचना आहे.

तिरोडीसारख्या गावात वाहतुकीच्या दिव्यांचे फारसे प्रयोजन पडत नाही. मग येथील विद्यार्थ्यांनी या चौकोनाचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न दिव्यांचा नसून थांबण्याचा आहे. आणि रस्त्यावर थांबण्याचा प्रसंग खेड्यातही येतोच. थांबलेल्यांपैकी पुढे कोणी उभे राहावे, हे जेथे बळावर ठरते तेथे दुर्बळाचा जीव धोक्यात असतो. ते नियमाने ठरावे, एवढाच या चौकोनाचा अर्थ आहे.

प्रथम त्यामागील कारण पाहू. आपल्याकडे ट्रकचालक उजव्या बाजूस उंच आसनावर बसतो. त्याच्या डाव्या दाराखालचा रस्ता त्याला जवळजवळ दिसतच नाही. थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूने सायकलस्वार हळूच पुढे सरकतो आणि दरवाजापाशी पाय टेकून उभा राहतो. आपण पुढे आलो, आता सुरक्षित आहोत, असे त्यास वाटते. वास्तविक त्याहून धोक्याची जागा दुसरी नाही. ट्रक डावीकडे वळू लागला की त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूस, कोपऱ्याकडे सरकतात. बाजूस उभ्या असलेल्यास तेव्हा मागे हटण्यास अवसर राहत नाही. यात चालकाचा दुष्टपणा असतोच असे नाही. जे त्याला दिसलेच नाही ते तो टाळणार कसे? सायकलस्वारास ट्रकच्या बाजूस न ठेवता समोर, चालकाच्या दृष्टीच्या टप्प्यात आणून उभे करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. ट्रकच्या अगदी नाकाशी उभे राहणाराही उंचावरून दिसत नाही, म्हणून त्या चौकोनास पुरेशी खोली ठेवावी लागते.

इंग्लंडात अशी दुहेरी रेषा प्रथम १९८४ साली ऑक्सफर्ड येथे आखली गेली. आज तेथील अनेक शहरांत ती दिसते, आणि लाल दिवा असताना मोटारचालकाने पहिली रेषा ओलांडणे हा गुन्हा मानला जातो. अमेरिकेतील पोर्टलंड शहराचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून आपल्याकडे डाव्या वळणास असलेला धोका तेथे उजव्या वळणास असतो. २००७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वळणाऱ्या ट्रकखाली सापडून तेथे दोन सायकलस्वार मृत्यू पावले. पुढील वर्षी नगर प्रशासनाने काही चौकांत हिरवे चौकोन रंगविले. परंतु २०१२ साली त्याच प्रशासनाने प्रांजळपणे कळविले की, काही चौकांत वळणाऱ्या वाहनांच्या धडका कमी न होता वाढल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक हिरवा दिवा चालू असताना घडल्या आहेत.

यावरून चौकोन निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे चुकीचे होईल. तो केवळ थांबलेल्या क्षणी रक्षण करतो, हे मात्र ध्यानात ठेविले पाहिजे. वाहने चालू लागली की रंगाचा प्रभाव संपतो आणि माणसाच्या सावधगिरीचा आरंभ होतो. रंगावर विसंबून जो डोळे मिटतो, त्याला रंग वाचवू शकत नाही.

म्हणूनच सायकलस्वार या जागेचा उपयोग कसा करतात, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. काही जण चौकोन मोकळा असूनही संकोचाने मागे, दोन मोटारींच्या फटीत उभे राहतात. त्यांस आपला हक्क ठाऊक नसतो, अथवा तो घेण्याचे धैर्य नसते. काही जण चौकोनही ओलांडून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात. स्वतःस मिळालेल्या सवलतीतून ते आपल्याहून दुर्बळ असणाऱ्याची वाट अडवितात. आणखी काही जण दिवा बदलण्याच्या बेतात असताना वाहनांच्या डावीकडून वेगाने पुढे घुसतात, आणि ट्रक हलू लागतो त्याच क्षणी त्याच्या बाजूस पोहोचतात. योग्य रीत अशी की, दिवा नुकताच लाल झाला असेल व वाट मोकळी असेल तर पुढे जावे, चौकोनात उभे राहून मागच्या चालकाकडे एकवार वळून पाहावे. आणि दिवा बदलण्याचा संभव असेल तर निमूटपणे मागेच रांगेत थांबावे.

मंद वाहनास पुढे उभे केल्याने वेगवान वाहनांचा खोळंबा होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. परंतु खोळंबा होतो तो काही क्षणांचा, आणि ज्याच्या पायाखाली यंत्र आहे तो ते क्षण पुढच्या सरळ रस्त्यावर सहज भरून काढू शकतो. सायकलस्वाराचा मोडलेला पाय मात्र असा भरून निघत नाही. दोन हानींपैकी कोणती सोसण्याजोगी आहे, हे ठरविण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

आपल्या देशात सायकलीची परंपरा लहान नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात होते, आणि २०१७ साली तेथील महानगरपालिकेने सायकलींसाठी सर्वंकष योजनाही मंजूर केली. तरीही आज कोणत्याही मोठ्या शहरातील चौकात पाहिले तर मोटारसायकली रेषा ओलांडून पुढे उभ्या असतात, आणि सायकलस्वार कडेच्या गटारापाशी अंग चोरून थांबलेला असतो. जागा नाही असे नव्हे. ती अगोदर बळवंताने व्यापलेली असते.

आता आपल्याकडे वळू. मध्य प्रदेश शासन सहाव्या व नवव्या इयत्तेत प्रवेश घेणाऱ्या आणि शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागणाऱ्या ग्रामीण मुलामुलींस विनामूल्य सायकल देते. सायकल मिळाली म्हणून शाळा सुटली नाही, अशा मुली गावोगाव आहेत. पण तिरोडी हा मँगनीजच्या खाणींचा मुलूख आहे. ज्या रस्त्याने शाळेची सायकल जाते, त्याच रस्त्याने धातुकाचा भरलेला ट्रकही जातो. आणि या दोघांची गाठ पडते ती रेल्वेच्या फाटकापाशी. फाटक हाच आपला लाल दिवा होय.

फाटक बंद झाले की कोणत्याही गावी काय घडते? मोटारसायकली डावी बाजू सोडून सबंध रस्ता व्यापतात. पलीकडेही तसेच होते. फाटक उघडताच दोन फौजा समोरासमोर याव्यात तशी गर्दी रुळांवरच अडकते, आणि तिच्या मध्यभागी दप्तर लटकविलेली सायकल सापडते. कोणी उतावीळ विद्यार्थी तर सायकल आडवी करून दांड्याखालूनच पलीकडे जातो. चौकोन ओलांडून पुढे जाणाराचीच ही वृत्ती. फरक इतकाच की येथे समोरून येणारे वाहन आगगाडी असते, आणि तिला सहजी थांबता येत नाही.

माझी सूचना साधी आहे. स्थानिक पंचायत, लोक निर्माण विभाग व रेल्वे यांनी मिळून फाटकाच्या दोन्ही अंगांस, रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागात, दुहेरी रेषा आखाव्यात. पुढचा चौकोन सायकलस्वारांचा व पायी चालणारांचा असावा. फाटक उघडल्यावर प्रथम त्यांनी जावे, नंतर यंत्रवाहनांनी. यास डांबर लागत नाही, फक्त रंग लागतो. आणि रंग येईपर्यंत विद्यार्थ्यांनी काही गोष्टी आजपासून पाळाव्यात. डावी बाजू सोडू नये. ट्रकच्या दाराशी उभे राहू नये. त्याच्यापुढे काही पावलांवर, चालकास दिसेल असे थांबावे, आणि तेवढी जागा नसल्यास त्याच्या मागेच राहावे. फाटक पूर्ण उघडल्याखेरीज पाऊल टाकू नये. रूळ तिरपे ओलांडू नयेत, कारण रुळालगतच्या खाचेत सायकलचे चाक अडकते. शक्य तर खाली उतरून सरळ रेषेत जावे.

ज्यांच्या घरी मोटारसायकल वा ट्रक आहे, अशा पालकांसही एक विनंती. फाटकापाशी आपण जी जागा रिकामी ठेवाल, तीत उभे राहणारे मूल बहुधा आपल्याच शाळेतील असेल. रंगाची रेषा कोणास बळाने अडवू शकत नाही. जे तिचा मान राखतात त्यांच्यामुळेच तिला बळ येते, आणि तो मान राखण्यासाठी रंग येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.