जरा 'हेल्दी' आहे

उल्हासनगरला, कॅम्प नं. ३ मध्ये माझी बहीण राहते. गेल्या महिन्यात तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. समोसे झाले, सरबत झालं. उठता उठता मुलाची खाला म्हणाली, "लडकी अच्छी है, बस जरा हेल्दी है." दोन दिवसांनी नकाराचा फोन आला.

या वाक्याचं सरळ मराठी करून पाहा. मुलगी चांगली आहे, पण जरा निरोगी आहे!

इंग्रजीत 'हेल्दी' म्हणजे निरोगी. आपण त्याचा अर्थ 'जाड' असा करून घेतला, आणि तोही फक्त मुलींसाठी. मुलाचं पोट शर्टाच्या बटणांना ताण देत होतं. त्याच्याबद्दल त्याच खालांचा शब्द होता 'पर्सनॅलिटी'.

मराठी शब्द काही सोज्वळ आहेत असं नाही. लठ्ठ, ढोली, किडकिडीत, हडकुळी, सगळे बोचतात. पण ते बोचतात हे बोलणाऱ्याला माहीत असतं. बैठकीत कुणी 'जाडी' म्हटलं असतं तर माझ्या मेहुण्याने कप खाली ठेवला असता. 'हेल्दी' म्हटल्यावर त्याने मान डोलावली. मीही गप्प बसलो. इंग्रजी शब्दाचा फायदा हाच आहे: अपमान होतो आणि अपमान केल्याचा आळ येत नाही. 'चबी', 'प्लस साइज', 'स्लिम हवी' हे सगळे त्याच घराण्यातले. गंमत म्हणजे अमेरिकेत जाड माणसांनी १९६९ मध्ये आपली संघटना काढली, तेव्हा तिच्या नावात 'फॅट' हा उघडा शब्दच ठेवला.

कुणी म्हणेल, 'ओव्हरवेट' तरी शास्त्रीय शब्द आहे. आहे, पण ओव्हर म्हणजे कशाच्या वर? वजन आणि उंचीचं ते गणित केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडलं. तो डॉक्टर नव्हता. अमेरिकेने १९९८ मध्ये ही रेषा २५ वर आणली आणि लाखो माणसं वजन न वाढता 'ओव्हरवेट' झाली. आपल्याकडे डॉक्टर २३ च्या पुढेच सावध करतात, कारण आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावरही गाठतो. हे त्यांनी जरूर सांगावं. पण तो आकडा दवाखान्यात एका माणसाला त्याच्या भल्यासाठी सांगायचा असतो. तो समोशांच्या बशीशेजारी ठेवायचा नसतो.

याबाबतीत आपला शिंपी बरा. जीन्स शिवणाऱ्या या शहरात दिवसभर लोकांची मापं घेतली जातात. छाती ४०, कमर ३६, वहीत लिहिलं, संपलं. कुणाचं मन दुखत नाही.

आता आपल्या लोकांना जरा कडक बोलतो. गीबत हराम आहे हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. सूरह अल-हुजुरातमध्ये टिंगल, टोपणनावं आणि गीबत यांना लागोपाठच्या दोन आयतींत मनाई आहे. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे: हजरत आयशा (र.) हजरत सफिया (र.) यांच्या ठेंगण्या बांध्याबद्दल एवढंसं काही बोलल्या, तेव्हा हा शब्द समुद्राच्या पाण्यात मिसळला तर तेही नासेल, असं पैगंबरांनी (स.) बजावलं. अब्दुल्ला इब्न मसऊद (र.) यांच्या काटकुळ्या पायांना लोक हसले, तेव्हा तेच पाय तराजूत उहुद पर्वताहून जड भरतील, असं सांगितलं. बारीक असो, जाड असो, बुटका असो, शरीरावरून बोलायला जागाच ठेवलेली नाही. मग इंग्रजीत बोललं की गीबत होत नाही, हा फतवा आपल्याला कुणी दिला?

आणि दोष एकट्या खालांचा नाही. बहिणीने बायोडाटा दाखवला. नाव, शिक्षण बी.कॉम., नोकरी, आणि खाली 'बिल्ट' असा रकाना. त्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'हेल्दी'. मुलीने तो कागद टाइप करून आणला होता, म्हणजे तिने तो वाचला होता.

रकाना काढून टाक म्हटलं. बहीण म्हणाली, "भाईजान, काढला तर लोक फोन करून विचारतात."

विचारू देत. खाली माझा नंबर टाकायला सांगितलं आहे.