शनिवार आनंददायी, पण गणिताच्या तासाचे काय?

महाराष्ट्र शासनाने मार्च 2024 मध्ये निर्णय काढून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रमाची तासिका सुरू झाली होती, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सामाजिक-भावनिक विकासाचा आवर्जून उल्लेख केला आहे. मूल शाळेत केवळ वाचायला आणि मोजायला येत नाही, हे सरकारदरबारी मान्य झाले, ही चांगलीच गोष्ट. अडचण आहे ती या मान्यतेने घेतलेल्या रूपाची. भावनिक वाढ म्हणजे वेळापत्रकातला आणखी एक चौकोन, असे आपण धरून चाललो आहोत. सहा ते दहा वर्षांचे मूल राग आवरायला, हार पचवायला, दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकते ते मुख्यतः मराठीच्या आणि गणिताच्या तासाला. तो तास कसा चालवला जातो, यातून. ती रीत तशीच ठेवून शनिवार कितीही रंगवला, तरी फारसे काही हाती लागणार नाही.

तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे. फळ्याजवळ उभे असलेले मूल चुकते. वर्ग हसतो. शिक्षक हसू थांबवतात, की स्वतःही एक टोमणा मारतात, की ‘इथपर्यंत बरोबर आलास, आता दशकाकडे बघ’ म्हणतात, यावर त्या मुलाचाच नव्हे, बाकांवरच्या सगळ्यांचाच धडा ठरतो. पुढच्या बाकांवर कायम हुशार मुले, मागे ‘ढ’ ठरलेली. वर्गनायकाने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची. भांडण झाले की चूक कोणाची हे न ऐकता दोघांनाही उभे करायचे. हे सारे शिकवणेच आहे, फक्त ते कुठल्या पाठ्यपुस्तकात छापलेले नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि 29 व्या कलमाने मूल भयमुक्त व्हावे, मोकळेपणाने मत मांडू शकावे, अशी अपेक्षा अभ्यासक्रमाकडून केली आहे. छडी बरीचशी गेली. टोमणा मात्र शिक्षा म्हणून अजून मोजलाच जात नाही.

रोजच्या तासाच्या रीतीने एवढा फरक पडतो, याला पुरावा काय? अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 1985-86 साली 19 प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या 41 वर्गांत एक प्रयोग झाला. काही वर्गांतल्या शिक्षकांनी मुलांचे मिश्र गट पाडले, वागण्याचे मोजके नियम भिंतीवर लावले आणि नेहमीचा अभ्यास चालू असतानाच एक खेळ सुरू केला: ज्या गटाकडून ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वेळा नियम मोडला जाईल, तो जिंकला. सगळे गटही जिंकू शकत. वेगळा तास नव्हता, भावनांवर प्रवचन नव्हते. ही मुले 19 ते 21 वर्षांची झाली तेव्हा तपासले, तर पहिलीत अतिशय आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनांचे आणि हिंसक वर्तनाचे प्रमाण इतर वर्गांतल्या तशाच मुलग्यांपेक्षा कमी आढळले. पुढच्या वर्षी तेच शिक्षक होते, पण त्यांना मिळणारे मार्गदर्शन आणि पाठबळ कमी झाले, आणि परिणामही फिका पडला. माझ्या मते प्रयोगाचा हा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा. तो खेळ जसाच्या तसा उचलावा, असेही नाही. एका मुलामुळे गट हरला की त्याचे काय होते, हे पाहावे लागेल. शिवाय आपल्याकडे गट पाडणे मुलांवर सोडले, तर गावातल्या आळ्या आणि वाड्याच वर्गात येऊन बसतात.

जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या 213 शालेय कार्यक्रमांचा, म्हणजे दोन लाख सत्तर हजार विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा घेतला. वागणे सुधारलेच, पण अभ्यासातही शंभरांच्या रांगेत मधोमध असलेले मूल सुमारे अकरा जागा पुढे सरकावे इतका फरक पडला, आणि अभ्यासातला हा लाभ शाळेचे स्वतःचे शिक्षक कार्यक्रम राबवत होते तिथेच दिसला. उलट, ब्रिटनमधल्या 85 माध्यमिक शाळांत सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, स्वतंत्र धडे देऊन पाहिले, तर 2022 च्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही सरस आढळले नाही. ती मुले मोठी होती, हे खरे. तरीही वेगळ्या तासिकेवर भरवसा ठेवणाऱ्यांनी थांबून विचार करावा असाच हा निकाल. आणि पाहायला परदेशातच जावे लागते असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, कारण मूल गुरे राखत होते. बीड जिल्ह्यात 2009 साली 500 शाळांत सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमाचा भरही जोडीने आणि गटाने काम करण्यावर होता.

‘हे घरचे काम आहे, शाळेने त्यात पडू नये’, हा आक्षेप नेहमीचा. घर बरेच काही शिकवते. पण आपल्या घरच्या नसलेल्या तीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणे कुठलेच घर शिकवू शकत नाही. ‘आधी नीट वाचता तर येऊ दे’, हा आक्षेप अधिक वजनदार. तिसरीपर्यंत वाचन-गणन यावे म्हणून 2021 पासून ‘निपुण भारत’ चालू आहे, आणि त्या उद्दिष्टाला बगल देऊन चालणार नाही. मात्र वाचायला शिकणे म्हणजे चारचौघांत चुकत-चुकत मोठ्याने वाचणे. ज्याला इतरांच्या हसण्याची धास्ती आहे ते मूल तोंडच उघडत नाही, आणि न उघडलेल्या तोंडातली चूक शिक्षकाला कळणार कशी?

खरा बिकट आक्षेप शिक्षकांचा आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक. त्या दोघांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीला जायचे. अशा माणसाला ‘प्रेमाने बोला’ असे परिपत्रक धाडणे ही थट्टाच झाली. ज्याला दिवसभर वरून फक्त खुलासे मागितले जातात, तो मुलांकडून खुलासेच मागणार. त्यामुळे शिक्षकांवरचा अशैक्षणिक कामांचा भार हा या विषयाच्या बाहेरचा प्रश्न नाही. तो कमी केल्याशिवाय बाकीचे सारे कागदावर राहील.

आता प्रगतिपत्रकांवरही सामाजिक-भावनिक रकाने येत आहेत. सात वर्षांच्या मुलाला सहानुभूतीत ‘ब’ श्रेणी देण्याने काय साधणार? त्याच्या लाजरेपणावरही शिक्का बसेल, एवढेच. मोजायचेच असेल तर वर्ग मोजावा. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत शनिवारच्या उपक्रमांचे फोटो पाहण्यापेक्षा गणिताच्या तासाला अर्धा तास मागे बसावे आणि नंतर शिक्षकांशी दहा मिनिटे एवढ्यावरच बोलावे, की आज कोणकोण एकदाही बोलले नाही आणि उद्या त्यांना कसे बोलते करता येईल.